टाकीवरची एक्केचाळीस माणसं

पहिल्या दिवशी मी चार माणसं मोजली.

आंबेझरीच्या फलाटावर सकाळी सहाला उभा होतो. हातात बटण दाबलं की आकडा एकाने पुढे सरकतो असं छोटं यंत्र, काखेत तक्त्यांची वही. आधी एक म्हातारा चढला, त्याच्यामागे त्याची बकरी चढली. मग एक नवराबायको आणि शेवटी रेंजर ऑफिसचा शिपाई. बकरी मोजायची की नाही, याबद्दल नियमपुस्तकात काही नव्हतं. मी यंत्रावर अंगठा ठेवून विचार करत होतो, तेवढ्यात इंजिनाच्या खिडकीतून ड्रायव्हर ओरडला, "किती झाले, साहेब?"

"चार."

"बकरी धरून?"

"बकरी सोडून."

"मंग कठीण हाये बापा," असं म्हणून त्याने शिट्टी दिली आणि गाडी गेली.

आंबेझरीला कधीकाळी मॅंगनीजची खाण होती, म्हणून तिथवर रेल्वे आली. खाण संपली, माणसं गेली, गाडी मात्र येत राहिली. मी तेव्हा एकोणतीस वर्षांचा, राष्ट्रीय प्रवासी रेल निगमाच्या नागपूर कार्यालयात नियोजन शाखेत होतो. मालगाड्यांचा धंदा वेगळा काढून सरकारने प्रवासी गाड्या आमच्या निगमाच्या गळ्यात बांधल्या होत्या आणि वर सांगितलं होतं, आता आपल्या पायावर उभे राहा. त्यामुळे प्रत्येक लहान मार्गाची नाडी तपासणं सुरू होतं. या मार्गासाठी योजना साधी होती. आंबेझरी ते पळसखेड हा शेवटचा चौदा किलोमीटरचा तुकडा बंद करायचा आणि गाडी पळसखेडहूनच सोडायची. आंबेझरीला रात्रभर झोपा काढणारे डबे मोकळे झाले, की त्याच डब्यांनी पळसखेड-नागपूर अशी सकाळची आणखी एक फेरी होणार होती. अट एकच. आठवडाभर माणसं मोजायची. त्या तुकड्यावर दिवसाला सरासरी पंचवीसपेक्षा कमी भरली, तर बंद.

दुसऱ्या दिवशी तीन माणसं आली. बकरीही आली नाही.

तिसऱ्या दिवशी विश्रामगृहातली साखर संपली. बिनसाखरेच्या चहावर सरकारी काम होत नाही, म्हणून आणि ऑफिसला फोन करायचा म्हणून मी चार माणसं मोजून, यंत्र शून्यावर आणून त्याच गाडीने पळसखेडला निघालो. गाडी सहाएक किलोमीटर गेली आणि भर जंगलात थांबली. मला वाटलं, सिग्नल असेल. मग आठवलं, या मार्गावर सिग्नलच नाहीत.

खिडकीतून डोकं काढलं. रुळांच्या कडेला दगडी चौथऱ्यावर गंजलेली पाण्याची टाकी होती. तिच्याखाली माणसं रांगेत उभी होती. गडबड नाही, गोंधळ नाही. ज्याचा डबा ठरलेला, तो त्या डब्यासमोर. दुधाचे कॅन चढले, मोहाच्या पत्रावळींचे भारे चढले, एक बाळंतीण चढली, निळे स्कर्ट घातलेल्या मुली चढल्या. सगळ्यांत शेवटी लोखंडी टोकाची काठी घेतलेली एक काळीसावळी, उंच बाई चढली आणि तिने मागे वळून हात केला. गाडी सुटली. माझा अंगठा सवयीने चालतच होता. यंत्रावर बघितलं, तर एक्केचाळीस.

ती बाई माझ्यासमोरच येऊन बसली. मुलींकडे नजर टाकून तिने ओठ हलवत मोजल्या आणि मग माझ्या हातातल्या यंत्राकडे पाहिलं.

"तुमीच का ते मोजनारे साहेब?"

"हो. तुम्ही रोज इथूनच चढता?"

"तं कोठून चढू? तीन टोल्यायची, वस्त्यायची मानसं आमी. आंबेझरीले जाचं म्हंजे उलटं सहा किलोमीटर, अन् मधात अस्वलाचा नाला." तिने काठी दाखवली. "ह्या पोरीयले मी आनतो अंधारात. सात हायेत. पयले दोनच होत्या. संध्याकाळी परत नेतो. तवा घरचे सोडते शाळेत."

वऱ्हाड-नागपूरकडच्या बायका स्वतःबद्दल बोलताना असं ‘आनतो, नेतो’ म्हणतात. तिचं नाव रेवताबाई गेडाम. पळसखेडला पत्रावळी विकायची आणि शाळा सुटेपर्यंत बाजारात थांबायची.

"पण इथे स्थानक नाही, तर तिकीट कसं काढता?"

"फुकटात नाई बसत आमी," ती एकदम ताठ झाली. "पळसखेडचा बाबू देते. टाकीचं तिकीट त्याच्यापाशी नाई, म्हनून पळसखेडहून पुढच्या टेसनाचं सगळ्यात लहान तिकीट फाडते. इचारा त्याले."

म्हणजे ही एक्केचाळीस माणसं आमच्या कागदावर होती, पण पळसखेडची म्हणून. आंबेझरीच्या तुकड्यावर ती कुठेच नव्हती. नागपुरात बसून उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या आमच्यासारख्यांना हे दिसणार तरी कसं?

पळसखेडला उतरल्यावर मी थेट इंजिनापाशी गेलो. ड्रायव्हर दौलतराव लांजेवार खाली उतरून पान लावत होते. वय अठ्ठावन्नला टेकलेलं, मिशा पांढऱ्या, अंगाने काटक. मला बघून त्यांचा पानाचा हात थांबला.

"लांजेवारजी, गाडी टाकीवर का थांबली?"

"पाह्यलं तुमी, तं आता सांगतो," ते हळू आवाजात म्हणाले. "वाफेचं इंजिन होतं तवा तेथी पानी भरे. आठ मिनटं थांबे गाडी. मानसं तेथूनच चढे, तेथीच उतरे. मंग डिझेल आलं. डिझेलले पानी लागत नाई, पन मानसायले गाडी लागते. माह्या आधीच्या डायवरनं उभी केली, मी बी करतो. सोळा वर्स झाले."

"आणि गाडीला उशीर?"

"टाइमटेबलात ते आठ मिनटं अजून तशेच हायेत. कोनी काढलेच नाई."

मला माहीत होतं. आठ मिनिटांची ती चरबी मी स्वतः तक्त्यावर पाहिली होती आणि तिच्याभोवती लाल पेन्सिलने गोल काढला होता.

"नियमाप्रमाणे ठरलेल्या जागेशिवाय प्रवासी गाडी उभी करणं म्हणजे..."

"नोकरीतून काढते. ठाऊक हाये मले. चार महिने रायले माहे." त्यांनी पान खाल्लंच नाही, पुन्हा डब्यात ठेवलं. "तुमी टाकीवाले मोजले, तं मी जातो. नाई मोजले, तं गाडी जाते. तुमीच पाहा साहेब, काय कराचं ते."

मला त्या माणसाची खरोखर दया आली. निदान त्या वेळी तरी ती खरी होती. मी म्हणालो, "मी काही पाहिलं नाही, लांजेवारजी. मी पळसखेडला साखर आणायला आलो होतो."

त्यांनी पानाचा डबा खिशात टाकला. मग विचारलं, "हे अर्धी गाडी कापाचं डोस्कं कोनाचं म्हनाचं?"

"वरून आलंय," मी म्हणालो.

"वरचे लोक खाली येऊन पाह्यत काहून नाई?"

मी वही उघडून तक्ते चाळू लागलो. तोंडात मिठाची गुळणी धरून बसायची कला आमच्या ऑफिसात पहिल्याच वर्षी शिकवतात.

पुढचे तीन दिवस मी आंबेझरीच्या फलाटावरच मोजलं. चार, पाच, चार. लांजेवार खिडकीतून आता काही ओरडत नव्हते. सातव्या दिवशी पाच माणसं चढली. गाडी सुटायला दहा मिनिटं असताना ते खाली उतरले आणि माझ्यासमोर आले. टोपी काढून काखेत धरली होती. खिशातून त्यांनी वहीचा फाडलेला कागद काढला.

"वाचा."

मुलांच्या वहीतला चौरेघी कागद होता. अक्षर गिरवून गिरवून काढलेलं. ‘मी दौलतराव सीताराम लांजेवार, ड्रायव्हर, लिहून देतो की आंबेझरी-पळसखेडच्या मध्ये जुन्या टाकीवर गाडी मी रोज माझ्या मर्जीने उभी करतो. गार्डचा दोष नाही. तेथून रोज चाळीस-बेचाळीस पासिंजर चढतात. त्यात शाळेच्या सात मुली आहेत. ही मोजणी धरावी. माझ्यावर जी कारवाई होईल ती मला मंजूर आहे.’ खाली सही आणि तारीख.

"लांजेवारजी, तुमची पेन्शन जाईल."

"घरी इचारलं. मालकीन म्हने, आपल्या दोघायले असं किती लागते? ते म्हने, सोळा वर्स थांबवली, तं शेवटी काहून पळता?" ते हसले. हसताना डोळे मात्र माझ्या चेहऱ्यावरून हलले नव्हते. "तीन रात्री झोप नाई आली, साहेब. तुमी माह्यासाठी गप रायले, हे उपकार हायेत. पन मले ते उपकार नोको. तुमी हा कागद तुमच्या मोजनीले जोडा."

"जोडतो."

"नक्की?"

"नक्की देतो, लांजेवारजी."

त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. हात तेलकट होते. मग ते इंजिनात चढले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता मी नागपूरला खानोलकर साहेबांच्या टेबलासमोर बसलो होतो. खानोलकर आमच्या शाखेचे प्रमुख. माणूस सरळ, थोडा चिडका, पण कोणाचं काही लपवून ठेवणारा नव्हे. त्यांनी तक्ता वाचला. सात दिवस, एकोणतीस माणसं, सरासरी चार. चष्मा काढून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"इतकी कमी?"

"खाण बंद झाल्यावर गावच उठलंय, साहेब."

"वझलवार, योजना तुमची स्वतःची आहे, म्हणून मुद्दाम विचारतो. माणूस स्वतःच्या योजनेच्या प्रेमात पडतो, आणि मग त्याला जे दिसायला हवं तेवढंच दिसतं. तिकडे काही वेगळं आढळलं असेल, तर आत्ता सांगा. मुख्यालयाला आपण थांबवू शकतो. काही बिघडत नाही."

हो, योजना माझी होती. ‘वरून’ आली नव्हती. एका रविवारी घरी जेवणाच्या टेबलावर मी ती काढली होती. ते लाल गोलही त्याच दिवशी काढले होते. एक गाडी कापून दोन फेऱ्या, तेही नवा डबा न घेता. मुख्यालयात ती वाचून दाखवली तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या आणि अशा अकरा मार्गांची आखणी करायला मला तिकडेच बोलावून घ्यायचं ठरलं होतं. आंबेझरी हा पहिला मार्ग. पहिल्याच मार्गावर एक्केचाळीस माणसं जंगलातून उगवली असती, तर माझं हात दाखवून अवलक्षण झालं असतं.

चौरेघी कागद माझ्या शर्टाच्या खिशात होता. खिशाला बटण होतं. ते उघडायला दोन सेकंद लागले असते.

"नाही साहेब," मी म्हणालो. "वेगळं काही नाही."

खानोलकरांनी सही केली. जागेवर परत आल्यावर मी तो कागद काढला आणि कपाटातल्या जुन्या वेळापत्रकांच्या गठ्ठ्यात सरकवला. मनाशी एकच वाक्य घोळवत होतो: म्हाताऱ्याची पेन्शन वाचवली. दुपारपर्यंत ते मला जवळजवळ पटलंही.

पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून गाडी पळसखेडहून सुटू लागली. नागपूरची नवी फेरी पहिल्या दिवसापासून भरली. वर्तमानपत्रात माझ्या योजनेवर चार ओळी आल्या. आईने त्या कापून देवघरात ठेवल्या.

तीन महिन्यांनी लांजेवारांच्या निवृत्तीचं आमंत्रण आलं. न जावं असं फार वाटलं. पण चोराच्या मनात चांदणं. गेलो नाही, तर लोक काय म्हणतील, या भीतीनेच गेलो. पळसखेड स्थानकाच्या आवारात, दुपारी तीनची वेळ. सतरंजी, चार खुर्च्या, केळीचे खांब. लांजेवारांच्या गळ्यात झेंडूचा हार होता आणि बाजूला त्यांच्या मालकीणबाई डोक्यावरचा पदर सावरत बसल्या होत्या. सतरंजीच्या कडेला टाकीवरची माणसं बसली होती. ती नऊ किलोमीटर चालत आली होती. रेवताबाईही होती आणि तिच्या मागे त्या मुली. आज त्यांच्या अंगावर निळे स्कर्ट नव्हते.

मला बघताच लांजेवार उठून आले. बाजूला घेऊन त्यांनी हळूच विचारलं, "साहेब, माह्यावर काहीच कारवाई नाई झाली. पुरा फंड भेटला, पेन्शन बी लागली. कागद तं देल्ला होता नं तुमी?"

तेव्हाही सांगता आलं असतं. ‘नाही दिला’ एवढेच दोन शब्द.

"दिला होता," मी म्हणालो.

त्यांचा चेहरा उजळला. ते वळले आणि सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाले, "ऐका हो! मी तुमाले सांगतलं होतं नं? या वझलवार साहेबानं आपला कागद वरपर्यंत पोचवला. तरी गाडी बंद झाली, त्यात यायचा दोष नाई. अन् मले बी कंपनीनं माफ केलं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्या मालकीणबाईंनी माझ्यापुढे हात जोडले. मला तिथल्या तिथे जमिनीत गडप व्हावंसं वाटलं, पण मी खुर्चीत बसून हसत राहिलो.

टाळ्या थांबल्या, तशी रेवताबाई उठून माझ्यासमोर आली. तिच्या हातात आखीव कागदांची एक पुडकी होती.

"साहेब, तो कागद वाचला त्यायनं?"

"हो."

"म्हंजे टाकीवर आमी एक्केचाळीस जन चढतो, हे त्यायले ठाऊक हाये?"

"हो."

"सात पोरी हायेत, हे बी?"

लांजेवार माझ्याकडे अभिमानाने बघत होते. मी म्हणालो, "हो बाई. सगळं ठाऊक आहे."

 मग तिने हातातली पुडकी माझ्यापुढे धरली. वर मुलींच्या सुबक अक्षरात अर्ज लिहिलेला होता आणि खाली तीन पानं भरून सह्या आणि अंगठे. "हे पोरीयनं लिवलं. आज तुमच्यापाशी देनार होतो. मले वाटे, मोठ्या लोकायले ठाऊक नसंन, म्हनून झालं असंन असं. ठाऊक झालं, तं कोन कायले बंद करंन?"

आमच्या नियमात एक कलम होतं आणि ते मला पाठ होतं. बंद झालेल्या मार्गासाठी चाळीस प्रवाशांच्या सह्यांचा अर्ज आला, तर त्यांनी सांगितलेल्या जागी पुन्हा मोजणी करणं बंधनकारक होतं. म्हणजे टाकीवर. मी फक्त हात पुढे करायचा होता.

पण पुन्हा मोजणी झाली असती, तर पहिला कागद कुठे गेला, हेही कोणीतरी विचारलंच असतं.

"बाई," मी म्हणालो, "अर्ज द्यायचा असेल, तर नागपूरला द्यावा लागेल..."

"ठाऊक असून केलं, तं मंग अर्ज कायले?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने पुडकीची घडी केली आणि काठी उचलली. "डायवरभाऊ, जातो आमी. चला व पोरीहो, दिवस हाये तवर पोचा लागते."

मुली उठल्या. एकीने जाताना लांजेवारांच्या पाया पडून घेतलं. मग सगळी माणसं स्थानकाच्या टोकाला गेली आणि तिथून रुळांच्या कडेने चालू लागली. लांजेवार हार घातलेल्या अवस्थेत त्यांच्याकडे बघत राहिले. "लय आशा होती तिले," ते म्हणाले. "पन तुमी तुमच्याकडून केलं."

सातपैकी दोघी त्या वर्षी दहावीला होत्या. मार्चमध्ये त्या परीक्षेला बसल्या नाहीत, असं पळसखेडच्या तिकीटबाबूने सांगितलं. बाकीच्यांचं मी विचारलं नाही. अर्जही कधी आला नाही. मी मुख्यालयात गेलो, पुढे खानोलकरांच्या खुर्चीहून मोठ्या खुर्चीत बसलो आणि चांगल्या मानाने निवृत्त झालो. माझ्यावरही कधी काही कारवाई झाली नाही.

समारंभाच्या त्या दिवशी मी दिवेलागणीला घरी पोचलो. बायकोने दार उघडलं आणि विचारलं, "कसा झाला समारंभ?"

"छान झाला," मी बूट काढत म्हणालो. "तुला सांगतो, त्या ड्रायव्हरची पेन्शन जाणार होती. मी वाचवली."

ती कौतुकाने ऐकत बसली. पुढची तीस वर्षं पाहुण्यांसमोर, लग्नांत, मित्रांत, मी ही गोष्ट नेहमी तशीच सांगत आलो.